जुनी मोटार आणि इंजिनाचा खर्च

आजींना पंढरपूर दाखवावे म्हणून आम्ही घरच्यांनी निजण्याची सोय असलेली एक जुनी मोटार घेतली. ग्वाल्हेर सोडले आणि शिवपुरीच्या अलीकडे, चढावर, उष्णतेचा काटा लाल रेषेवर गेला. "एवढा चढ संपू द्या," म्हणत आम्ही गाडी तशीच रेटली. रेडिएटरमधील पाणी आटलेले, हेड वाकलेले, पिस्टन जखडलेले! दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या निम्म्या किमतीचा. विकणाऱ्यास दोष देणे सोपे. परंतु घेण्यापूर्वी जाणत्या मिस्त्रीस दाखविण्यास आम्हांस कोणी मनाई केली होती? आमचे स्पष्ट मत असे की, जुन्या गाडीच्या किमतीतच इंजिनाचा खर्च धरावा आणि काटा चढताच इंजिन बंद करावे. (तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये, वाफेने हात भाजतो.) यात्रेचे पैसे गॅरेजात गेले. उरल्या पैशांत रेल्वेची दोनच तिकिटे आली; आजी आणि बाबा पंढरीस गेले, आम्ही घरीच राहिलो.