सज्ञान

मराठी चित्रपट पाहावयाचा तर आम्हा बसवकल्याणकरांना पूर्वी सोलापूर गाठावे लागे. आता तो घरबसल्या दिसतो. गेल्या महिन्यात एका रात्री जेवणे आटोपल्यावर आम्ही सारे कुटुंबीय 'कारखानीसांची वारी' पाहावयास बसलो. चित्रपट अगदी ताजा नव्हे. मंगेश जोशी यांनी तो दिग्दर्शित केला, २०२० साली टोकियोच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात तो दाखविला गेला आणि डिसेंबर २०२१ मध्ये 'सोनी लिव्ह'वर आला. पण आमच्या घरी चांगली वस्तू नेहमीच थोडी उशिरा पोहोचते.

नाव ऐकून आमच्या मातोश्रींनी पडद्यास हात जोडले. टाळ-मृदंग असतील, दिंडी असेल, अशी त्यांची अपेक्षा. प्रत्यक्षात पंढरीच्या वाटेस लागली ती भांडणाऱ्या नातलगांनी भरलेली एक गाडी, आणि त्या गाडीत एक अस्थिकलश.

पुण्यातील एक कुटुंब. एकत्र राहणाऱ्यांपैकी जणू शेवटचे. त्यातील थोरले बंधू वारतात आणि त्यांच्या अस्थी घेऊन धाकटे भाऊ, बहीण व मुलगा ओम पंढरपुरास निघतात. ओमला नोकरी नाही. त्याच्या प्रेयसीस दिवस गेले आहेत आणि हे घरी सांगण्याचे धैर्य त्याच्यापाशी नाही. वडील होते तोवर त्यांचा धाक होता. आता वडील कलशात आहेत, तरी त्याची जीभ रेटत नाही. अमेय वाघ यांनी हा गोंधळलेला मुलगा फार मायेने उभा केला आहे. त्याचा राग येतो, आणि राग येता येता हसूही येते. सोबत मोहन आगाशे, गीतांजली कुलकर्णी असे कसलेले कलावंत आहेत. उत्तरार्धात गुपितांची जरा गर्दी होते, हे खरे. शेवट आम्ही सांगत नाही.

याच दिग्दर्शकांच्या 'लेथ जोशी'मध्ये यंत्रावर आयुष्य घालविलेला एक कारागीर नवी यंत्रे येताच निरुपयोगी ठरतो. तेथेही हसू आणि दुःख यांच्यामध्ये भिंत नव्हती. मोठे भांडवल, मोठे नायक नसलेल्या अशा चित्रपटांना हे धाडस परवडते, असे आम्हांस वाटते.

उशिरा मोठा होणारा तो ओम, असे पाहणारा सहज म्हणेल. आमचे मत थोडे निराळे आहे. आम्हांस त्या गाडीत खरी अडलेली माणसे दिसली ती पिकल्या केसांचे चुलते. थोरल्या भावाने सारे पाहिले, सारे ठरविले आणि धाकट्यांना साठीपर्यंत धाकटेच ठेवले. तो जाताच त्यांना एकदम आपापल्या इच्छा आठवतात, हिशेब आठवतात, आणि शाळकरी मुलांनी खाऊवरून भांडावे तशी ती मंडळी मालमत्तेवरून भांडू लागतात. अमुक वयास माणूस सज्ञान होतो, असे कायदा सांगतो. १८७५ पासून हे वय अठरा आहे. एकत्र कुटुंबात मात्र ते वय घरातील वडीलधारे माणूस ठरवी, आणि पुष्कळदा ते आपल्या मरणाच्या दिवशीच ठरवी.

याची मुळे शोधावयास आपणांस पुण्यास जाण्याचे कारण नाही. ती आमच्या गावातच आहेत. सहाव्या विक्रमादित्याच्या राज्यात (१०७६ ते ११२६) कल्याणी ही चालुक्यांची राजधानी असताना येथे विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. ग्रंथाच्या शेवटी त्याने या नगरीची, आपल्या राजाची आणि स्वतःचीही मुक्तकंठाने स्तुती केली आहे. विद्वानांस नम्रता शोभते हे त्यास कोणी सांगितले नसावे! बंगाल प्रांत वगळता हिंदुस्थानच्या बहुतेक भागांत हिंदू कुटुंबांच्या वाटण्या या ग्रंथाच्या आधारे होत आल्या. बंगालचा जीमूतवाहन म्हणे, पिता गेल्यावर पुत्राचा हक्क सुरू होतो. आमचा विज्ञानेश्वर म्हणे, वडिलोपार्जित मिळकतीत पुत्राचा हक्क जन्मतःच असतो. पाळण्यातले मूल मिळकतीचे वाटेकरी! कल्पना मोठी उदार आहे. परंतु हक्क पाळण्यात मिळाला तरी कारभार कर्त्याच्याच हाती राहिला, आणि हक्क असूनही विचार न करण्याची सवय पिढ्यान् पिढ्या मुलग्यांच्या अंगी मुरत गेली. मुलींना तर तो हक्क मिळावयास कर्नाटकात १९९४ आणि देशभर २००५ साल उजाडले.

हे आम्ही दुसऱ्यांविषयी लिहीत नाही. तीर्थरूप गेले तेव्हा आम्ही सत्तेचाळीस वर्षांचे होतो. पदरी दोन मुले, नोकरीची वीसेक वर्षे, गावात चार लोक सल्ला विचारावयास येत. तेराव्यानंतर शेतावर वारसांची नावे लावण्यासाठी तहसील कार्यालयात गेलो. तेथील कारकुनाने सर्व्हे नंबर विचारला आणि आम्ही गप्प राहिलो. शेत कोठे आहे, बांधावर कोणते झाड आहे, विहिरीस पाणी किती, हे ठाऊक होते. नंबर वडिलांना ठाऊक होता. त्यांनी तो सांगितला नाही, आणि आम्हीही कधी विचारला नाही. हयात असलेल्या बापाकडे कागद मागणे म्हणजे त्याच्या मरणाची वाट पाहणे, असा आपल्याकडे समज. "घरात मोठे कोणी नाही का?" असे त्या कारकुनाने सहज विचारले. बाहेर येऊन आम्ही बराच वेळ कट्ट्यावर बसून राहिलो. वडील गेल्याचे दुःख स्मशानात झाले होते. ते गेल्याचा अर्थ तेथे कळला.

मग आठ दिवस शोधाशोध. माळा, कपाटे, देवघराखालची फडताळी. पुण्याहून बंधू आले, हुमनाबादेहून भगिनी आली. ओमसारखेच आम्ही तिघे एकमेकांस टोचून बोललो, आणि एका रात्री जेवण न करताच निजलो.

चित्रपट संपल्यावर आम्ही हा प्रसंग मुलांना प्रथमच सांगितला. चिरंजीव हसला. कन्येने विचारले, "मग शेवटी कागद सापडले कुठे?"

ते सापडले होते धान्याच्या कोठीमागील लोखंडी पेटीत, जुन्या धोतरात नीट बांधलेले. निजामी अमलातले उर्दू कागद तळाशी, कन्नड पहाणी वर, आणि प्रत्येकावर वडिलांच्या अक्षरात मराठी चिठ्ठी. पेटी मातोश्रींनी दाखविली होती, नवव्या दिवशी. तोवर का सांगितले नाही, असे आम्ही तेव्हा चिडून विचारले होते. परवा रात्री कन्येनेही आजीला तेच विचारले.

मातोश्री सुपारी कातरीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तेव्हा सगळे एकमेकांना विचारत होते गं. मला कुणी विचारलंच नाही."