हजार रुपयांत खोली दाखवा!

वसतिगृहात नंबर न लागलेल्या आपल्या पोरांसाठी स्वाधार योजना आहे. भंडाऱ्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला 43 हजार, त्यात निवासाचे 12 हजार. म्हणजे महिना हजार! एवढ्यात भंडारा शहरात खोली कुठे मिळते, ते मंत्र्यांनीच दाखवावं. वर घरमालक आधी आडनाव विचारतो, मग भाडं. हप्ता येईपर्यंत ते भरायचं कुणी, रोवणीला जाणाऱ्या आईनं?

भाड्यानं राहणाऱ्या मजुराला तेवढंही नाही. रमाई घरकुल हवं तर स्वतःची जागा दाखवा! जागा असती तर भाड्यानं कशाला राहिलो असतो?

अर्ज भराच. नाकारला तर लेखी कारण मागा. भाडेपावत्या जमवा, त्या जोडून आम्ही समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना निवेदन देणार आहोत.