सत्तावीस सेंटिमीटर

८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात स्पार्कल कँडलच्या कारखान्याला आग लागली. काही कामगार महिला जागीच गेल्या. काहींनी भाजलेल्या अवस्थेत झुंज देऊन पुढे रुग्णालयात प्राण सोडले. असा रुग्ण आला की सलाईनचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो: वजन ५० किलो, ६० टक्के भाजलेले, पार्कलंड सूत्राने चोवीस तासांत १२ लिटर. पण त्यातले बरेचसे पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही. ते आतड्यांच्या भिंतींत आणि पोटाच्या पोकळीत झिरपते. वरची जळालेली कातडी ताणली जात नाही. आतला दाब चढतो, मूत्रपिंडाच्या शिरा दबतात, लघवी आटते. लघवी आटली की आपला हात सवयीने सलाईनच्या चाकाकडे जातो. ही सवय जीवघेणी आहे.

चाकणच्या कारखान्यात फोर्कलिफ्टखाली चेंगरलेल्या, कमरेचे हाड मोडलेल्या कामगाराचेही तेच. तळेगाव चौकातल्या कोंडीतून तो पिंपरीला पोहोचेपर्यंत बाटल्या चालूच असतात आणि केसपेपरवर ‘पोट मऊ’ एवढेच लिहिलेले असते. वाढलेला दाब अनुभवी सर्जनच्या हातालाही जवळपास निम्म्या वेळा कळत नाही.

मोजायला महागडे यंत्र लागत नाही. कॅथेटर घातलेले असतेच. रुग्णाला सपाट उताणे ठेवा, मूत्राशयात २५ मिली निर्जंतुक सलाईन सोडा, मिनिटभर थांबा. नळी सरळ उभी धरा. कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेला, काखेच्या मध्यरेषेवर शून्य धरा आणि श्वास सुटल्यावर पाण्याची उंची फूटपट्टीने वाचा. १६ सेंटिमीटरला सावध व्हायचे, दर चार-सहा तासांनी पुन्हा मोजायचे. २७ सेंटिमीटर म्हणजे पाऱ्याचे २० मिलिमीटर. दाब त्याच्यावरच टिकून राहिला आणि एखादा अवयव नव्याने ढासळू लागला, तर तो ॲब्डॉमिनल कंपार्टमेंट सिंड्रोम. मग राइल्स ट्यूब, पुरेशी गुंगी, सलाईनला आवर, साचलेले पाणी काढणे, जळालेल्या कातडीला छेद. एवढ्याने भागले नाही तर पोट उघडायचे आणि उघडेच ठेवायचे. बोगोटाच्या डॉ. बोराएझ यांनी १९८४ साली अशा पोटावर साधी प्लास्टिकची पिशवी शिवली होती.

चाकण, भोसरी, तळेगावच्या सहकाऱ्यांना विनंती आहे: रुग्ण पुढे पाठवताना चिठ्ठीवर दोन आकडे लिहा. किती लिटर दिले, आणि पोटातला दाब किती होता.