चार दिवस, तीन शहरं, शून्य सुट्टी

ऑक्टोबर संपत आला की युरोपातल्या तमाम मराठी आयटी पब्लिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एकच साथ येते. कोणीतरी उत्साही प्राणी एक्सेल शीट टाकतो. फाइलचं नाव ठरलेलं, 'ख्रिसमस ट्रिप फायनल व्हर्जन ३'. २६ ते २९ डिसेंबर. प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. प्रत्येक तासाला एक ओळ, प्रत्येक ओळीला वेगळा रंग. खाली सगळ्यांचे अंगठे. झालं, ट्रिप ठरली!

माझा या शीटला जाहीर विरोध आहे. चार दिवसांच्या हिवाळी ट्रिपला एकच शहर घ्यावं, एकाच घरात राहावं आणि बाकीची शहरं खुशाल सोडून द्यावीत. वाद घालायचाय? घालूया.

आधी गणित, कारण आपण इंजिनियर आहोत आणि ते सोडून बाकी काही आपल्याला पटत नाही. पुण्यात अगदी डिसेंबरातही दिवस अकरा तासांचा असतो. प्रागमध्ये त्या आठवड्यात सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि चारच्या सुमारास मावळतो. म्हणजे उजेड आठ तास. व्हिएन्ना-बुडापेस्टला थोडासा जास्त, पण फार नाही. पहिला अर्धा दिवस पोचण्यात आणि शेवटचा अर्धा दिवस निघण्यात जातो. उरले तीन दिवस, चोवीस तास उजेड. आता प्राग ते व्हिएन्ना रेल्वेनं साधारण चार तास. त्यात चेक-आउट, स्टेशन, नवीन हॉटेल शोधणं, "अरे बॅगा कुठे ठेवायच्या?" याचे दोन तास मिळवा. व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तास, अधिक तेच दोन. एकूण अकरा तास गेले. उरलेल्या तेरा तासांना तीननं भागा. एका शहराला सव्वाचार तास. आमच्या ऑफिसातली रिक्वायरमेंट मीटिंग याहून जास्त चालते!

ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या पेपरात थ्रॅशिंगवर टीप लिहिली होती ना? मेमरी थोडी, प्रोसेस फार, आणि मशीनचा सगळा वेळ पेजेस आत-बाहेर करण्यात. दिव्याची उघडझाप जोरात, काम शून्य. अगदी तेच.

यावर शीटवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं, "मग अंधारात प्रवास करू की!" पण राजेहो, हिवाळ्यात युरोपची खरी मजा अंधार पडल्यावरच सुरू होते. बुडापेस्टच्या सेचेनी स्नानगृहात (हे १९१३ सालचं) बाहेर कडाक्याची थंडी आणि तुम्ही उघड्यावरच्या गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडालेले, वाफेतून समोरच्याचं फक्त डोकं दिसतंय. व्हिएन्नाच्या ऑपेरात उभ्यानं बघायची तिकिटं सिनेमाच्या तिकिटाच्या भावात मिळतात. ऑपेरा नाही कळला तर नाही कळला, आत ऊब तरी असते :) आणि या वेळी तुम्ही कुठे? डब्यात, खिडकीत स्वतःचंच प्रतिबिंब बघत.

शिवाय चलन. प्रागला कोरुना, व्हिएन्नाला युरो, बुडापेस्टला फोरिंट. चार दिवसांत तीन चलनं. परत आल्यावर ड्रॉवरमध्ये चिल्लरचं संग्रहालय होतं, आणि खऱ्या संग्रहालयाचं काय? शीटमध्ये लिहिलेलं असतं, 'म्युझियम (बाहेरून)'. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये ब्रॉयगल या चित्रकाराच्या चित्रांचा जगातला सर्वात मोठा संग्रह आहे. त्यात १५६५ सालचं बर्फातल्या शिकाऱ्यांचं चित्र आहे. दमलेले शिकारी, माना घातलेले कुत्रे, खाली गोठलेल्या तळ्यावर खेळणारी इवलीइवली माणसं. बाहेरच्या थंडीतून आत आलेल्या माणसाला ते चित्र काही वेगळंच सांगतं. पण त्याला निदान अर्धा तास द्यावा लागतो. 'बाहेरून' दिसत नाही ते.

आता सगळ्यात वजनदार मुद्दा, "पुन्हा कधी येणार?" हा प्रश्न आपला नाहीच. तो आपल्या आईबाबांच्या पिढीचा आहे. त्यांनी पै पै साठवून ग्रुप टूर घेतली. व्हिसा, विमान, रजा, गुडघे, सगळं जुळून आयुष्यात एकदा येणार होतं. त्यांनी अमुक दिवसांत तमुक देश बघितले ते शहाणपणाचंच होतं. पुण्याहून खास त्यासाठी येणाऱ्याला आजही मी हेच सांगणार नाही. पण आपण इथे राहतो! खिशात जर्मनीचं रेसिडेन्स परमिट आहे, शेंगेनच्या २९ देशांत वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येतं. बुडापेस्ट मार्चमध्येही तिथेच असणार आहे. तरी आपण 'कव्हर' करतो. पोर्शन कव्हर करायची सवय इंजिनियरिंगला लागली, ती जात नाही, दुसरं काय!

आणि आता ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो तो मुद्दा. प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण अजून मास्टर्स करत असतो. जर्मनीत विद्यार्थ्याला व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट दाखवावं लागतं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची रक्कम वाढून महिन्याला ९९२ युरो झाली. ज्याचं घर त्या अकाउंटवर चालतं, त्याला त्यातच भाडं, इन्शुरन्स, जेवण. शिवाय गावाकडे कर्जाचा हप्ता वाट बघतोय. शीट बनवणारा पगारदार असतो. तो तीन हॉटेलं, दोन रेल्वे आणि एक 'स्पेशल डिनर' टाकतो. आणि हा मित्र ग्रुपवर लिहितो, "चालेल."

हे "चालेल" नीट वाचायला शिका रे. पाच जणांनी अंगठा दिल्यावर सहाव्यानं लिहिलेलं "चालेल" म्हणजे "मला परवडत नाही पण मी एकटा पडू इच्छित नाही". पुढे तो ट्रिपभर "भूक नाही" म्हणत सूप पितो. नाहीतर आदल्या आठवड्यात त्याचं सबमिशन निघतं. मग त्याची टवाळी, मग अबोला. बघायला गेलो शहरं आणि घालवून आलो दोस्त!

म्हणून आधी बजेट ठरवा, मग शहर. बजेटचा आकडा ज्याच्याकडे सर्वात कमी पैसे आहेत त्यानं सांगायचा, आणि तो त्याला ग्रुपवर नाही, फोन करून विचारायचा. मग एक शहर. स्वयंपाकघर असलेलं एक घर. सकाळी पोहे, रात्री खिचडी, दिवसातून एकच ठरवलेली गोष्ट. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र फिरायची सक्ती नको. ज्याला किल्ला बघायचाय त्यानं किल्ला बघावा, ज्याला झोपायचंय त्यानं झोपावं, रात्री आठला जेवायला सगळे हजर. आणि ख्रिसमस बाजारासाठी जाणार असाल तर तारखा आधी बघा. जर्मनीतले बहुतेक बाजार २३-२४ डिसेंबरलाच आवरतात. २६ तारखेला पोचलात तर रिकामे खोके मोजायला मिळतील.

सहा जण सहा शहरांत विखुरलेले. दोन वर्षांत कोणाचं लग्न, कोणाला मूल, कोणी कायमचा पुण्याला परत. शहरं कुठे जात नाहीत, पण हे सहा जण एका खोलीत परत कधी जमतील याची गॅरंटी कोण देणार? तेव्हा यंदाची शीट उघडण्याआधी त्या "चालेल"वाल्याला एक फोन लावा. आकडा कळला की शहर आपोआप ठरेल.