देवाच्या घराची खिडकी

ख्रिस्ती माणसाने घर कसे बांधावे, हा प्रश्न आपल्याकडे धर्माचा मानला जात नाही. तो कंत्राटदाराचा, वास्तुविशारदाचा, फार तर बँकेच्या कर्जाचा प्रश्न. ख्रिस्तमंदिर कसे बांधावे, हा प्रश्नही आता त्याच वाटेने चालला आहे. नकाशा तयार होतो, वर्गणीचे आवाहन होते, पायाभरणीला महागुरूस्वामी येतात, पवित्र जल शिंपडले जाते; पण त्यानंतर जे उभे राहते त्याचा पवित्र शास्त्राशी काय संबंध, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. हा प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो पायाभरणीच्या आधी विचारला पाहिजे, एवढेच प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

शास्त्राने या बाबतीत मौन पाळलेले नाही. अनुवाद ग्रंथाच्या २२व्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याला कठडा करण्याची आज्ञा आहे. कठड्याअभावी कोणी खाली पडला तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल, असे कारणही तेथेच दिले आहे. म्हणजे माझ्या बांधकामामुळे दुसऱ्याला होणारी इजा हा केवळ अपघात नव्हे, तो माझा अपराध आहे. यिर्मया संदेष्टा तर एका राजालाच धारेवर धरतो. त्या राजाने प्रशस्त माड्या चढवल्या, रुंद खिडक्या पाडल्या, गंधसरूच्या लाकडाने भिंती मढवल्या, वर हिंगुळाचा रंग दिला. आणि हे सारे मजुरांचे वेतन बुडवून केले. संदेष्ट्याचा राग गंधसरूवर नाही. वैभव म्हणजेच राजेपण या समजुतीवर तो आहे.

आता आपल्या धाब्यावरून कोण पडते, ते पाहू.

सिमेंट तयार करताना चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीतून काढावी लागते. भट्टीच्या इंधनातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि चुनखडीतूनही निघतो. जगात माणसाच्या हातून होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे. सिमेंट वापरूच नये, असे म्हणणे वेडेपणाचे ठरेल. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला ते मिळालेच पाहिजे. परंतु जे छप्पर आणखी पन्नास वर्षे टिकले असते ते केवळ जुनाट दिसते म्हणून पाडायचे आणि त्याजागी दुप्पट सिमेंट ओतायचे, याला गरज म्हणता येत नाही.

वसईचेच उदाहरण घेऊ. येथील जुने घर हवेचा आणि पाण्याचा विचार करून बांधलेले असे. पुढे ओटी, मागे पडवी, भिंतीबाहेर हातभर आलेल्या वळचणी, उंच आढे आणि वर कौले. तापलेली हवा वर चढते व कौलांच्या फटींतून निघून जाते. पश्चिमेचा समुद्रवारा खिडकीतून शिरून समोरच्या दारातून बाहेर पडतो. जुन्या ख्रिस्तमंदिरांच्या जाड भिंती, उंच छत आणि दोन्ही बाजूंना उघडणारी दारे यांमागे हेच शहाणपण होते. अंगणातले पाणी मातीत मुरे, विहिरीत उतरे, बावखलात साठे. ज्या मंगलोरी कौलांना आज आपण मागासलेपणाची खूण समजतो, त्यांचा कारखाना बासेल मिशनच्या ख्रिस्ती प्रचारकांनी १८६०च्या दशकात मंगळूरला सुरू केला होता, हेही आपण विसरलो आहोत.

या वारशाचे आपण काय केले? बावखले बुजवली. अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले, कारण चिखलाने बूट मळतात. कौले उतरवून स्लॅब टाकला. तो दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच धग खाली सोडतो. पश्चिमेच्या भिंतीला काच लावली आणि काचेमागे साचलेली उष्णता घालवण्यासाठी एसी बसवला. हा एसी आतली उष्णता नष्ट करत नाही, ती बाहेर टाकतो. म्हणजे आपला गारवा शेजाऱ्याच्या खिडकीत ऊन होऊन पोहोचतो. जुलै २०१८मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेले तेव्हा पाऊस फार झाला, असे आपण म्हणालो. पाऊस फार झाला हे खरेच. पण पाण्याच्या वाटा आणि मुरण्याच्या जागा आपण मोकळ्या ठेवल्या होत्या काय?

हिरव्या वसईसाठी दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने बिल्डर व टँकर यांच्या सत्तेविरुद्ध लढा दिला, तेव्हा ख्रिस्ती समाज रस्त्यावर उतरला होता. त्या लढ्याचा आपण अभिमान बाळगतो, आणि तो रास्तच आहे. परंतु जी गोष्ट बिल्डरने केली असता अन्याय ठरते, तीच धर्मग्रामाच्या सभागृहासाठी आपण केली असता प्रगती कशी ठरते?

यावर नेहमी तीन उत्तरे दिली जातात.

पहिले उत्तर असे, की देवाचे घर भव्य असावे. शलमोनाने मंदिरासाठी सोने कमी केले नाही आणि हाग्गय संदेष्ट्याने स्वतःच्या मढवलेल्या घरांत राहून मंदिर ओसाड ठेवणाऱ्यांची कानउघाडणी केली. हे मान्य आहे. पण भव्यता आणि उधळपट्टी यांत फरक आहे. उत्पत्ती ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात मानवाला बागेची मशागत व राखण करण्यास ठेवले जाते. तेथील ‘अबाद’ आणि ‘शामर’ ही दोन हिब्रू क्रियापदे गणना ग्रंथात लेवींच्या निवासमंडपातील सेवेसाठीही येतात. बागेची राखण आणि मंदिराची सेवा यांना शास्त्र एकाच शब्दांनी ओळखते. मग बाग उद्ध्वस्त करून मंदिर सजवणे ही कोणती सेवा?

दुसरे उत्तर असे, की आम्ही छतावर सौर पट्टे बसवले आहेत. चांगले केले. व्हॅटिकननेही २००८मध्ये पोल सहावे सभागृहाच्या छपरावर सुमारे २४०० सौर पट्टे बसवले. पण ते आधीपासून उभ्या असलेल्या इमारतीचे छप्पर होते. आपल्याकडे मात्र सौर पट्टा हे नवे पापमुक्तिपत्र होऊ पाहत आहे: आधी वारा न शिरणारी पेटी बांधायची, तिला थंड ठेवण्यासाठी अमाप वीज जाळायची, आणि मग त्यातली थोडी वीज सूर्याकडून घेतली म्हणून प्रायश्चित्त पूर्ण झाले असे समजायचे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात (परिच्छेद ५५) घातक सवयींचे उदाहरण म्हणून नेमका वातानुकूलनाच्या वाढत्या वापराचाच उल्लेख केला आहे. प्रवचनात हे पत्र वाचणारे आणि ऐकणारे आपण एसीच्या गारव्यात बसलेले असतो, ही विसंगती कोणाला खटकू नये?

तिसरे उत्तर सर्वांत प्रामाणिक आहे: कौले गळतात, वासे कुजतात, ते बसवणारे सुतार उरले नाहीत, आणि रस्त्याच्या गोंगाटात खिडक्या उघड्या ठेवून मिस्सा ऐकू येत नाही. या अडचणी खऱ्या आहेत आणि त्यांची टिंगल करणे योग्य नाही. परंतु जुने जसेच्या तसे ठेवा, असा आग्रह कोणी धरलेला नाही. लॉरी बेकर यांचे काम पाहा. बर्मिंगहॅमला जन्मलेला हा क्वेकर पंथीय वास्तुविशारद भारतात आला, भारतीय नागरिक झाला आणि २००७मध्ये तिरुवनंतपुरम येथे वारला. त्याच शहरात जेझुइटांच्या लोयोला संकुलात त्यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी प्रार्थनामंदिर उभारले. त्याच्या विटांच्या जाळीदार भिंतींतून उजेड आणि वारा येतो. विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवली की विटा सुमारे एक चतुर्थांशाने कमी लागतात आणि ती पोकळीच उष्णता अडवते. स्लॅबच्या खालच्या भागात, जेथे काँक्रीट ताण सोसत नाही, तेथे जुनी कौले बसवली की सिमेंट वाचते. यासाठी परदेशी यंत्र लागत नाही. विचार करणारा वास्तुविशारद आणि त्याचे ऐकणारी धर्मग्राम परिषद लागते.

आणि मुख्य अडचण तेथेच आहे. वर्गणी देणाऱ्याला संगमरवरावर आपले नाव कोरलेले दिसते. न पाडलेल्या भिंतीवर, न तोडलेल्या चिंचेवर, न बुजवलेल्या विहिरीवर कोणाचे नाव कोरणार? डागडुजीला उद्‌घाटन नसते. असिसीच्या संत फ्रान्सिसने ‘माझे घर दुरुस्त कर’ हा आदेश ऐकला तेव्हा तो सान दामियानोच्या पडक्या मंदिराचे दगड स्वतः रचू लागला. ते पाडून मोठे बांधावे, असे त्याच्या मनात आले नाही. त्याच फ्रान्सिसला पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९मध्ये पर्यावरणाच्या कार्याचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले.

म्हणून मागणी साधी आहे. पुढच्या वेळी नव्या वास्तूचा ठराव धर्मग्राम परिषदेपुढे येईल तेव्हा खर्चाच्या अंदाजपत्रकाबरोबर दुसरे एक पत्रकही मांडले जावे. आहे ती इमारत दुरुस्त होऊ शकते काय? नव्या छपरावरचे पावसाचे पाणी कोठे जाणार? कोणती झाडे वाचतील? एप्रिलच्या दुपारी वीज गेली तर आत बसता येईल काय? आणि या बांधकामाचा भार शेजारच्या कोणत्या घरावर, मग तो शेजारी कोणत्याही धर्माचा असो, पडणार आहे? या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत वर्गणीचे पाकीट रिकामे परत करण्याचा अधिकार प्रत्येक श्रद्धावंताला आहे. तो अधिकार त्याने नम्रपणे, पण न कचरता वापरावा.