गहाणखत आणि तोफा



कर्ज हा शब्द आम्हा नोकरदारांना परका नाही. पतपेढीचा हप्ता कापून गेल्यावर पगाराच्या पाकिटात काय उरते, ते आपण सारेच जाणतो. पण एखाद्या देशाने कर्ज काढले आणि ते थकले, तर हप्ता कोणाच्या पगारातून कापला जातो? १८८२ साली ब्रिटिशांनी इजिप्त कसा गिळला, ती हकीकत या प्रश्नाचे रोखठोक उत्तर देते.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, कापसाचे भाव कडाडले. मुंबईत त्या पैशावर शेअरचा सट्टा माजला आणि १८६५ साली कोसळला. इजिप्तचा राज्यकर्ता खेदिव इस्माईल याने कापसाच्या भरवशावर रेल्वे, कालवे आणि राजवाडे यांसाठी लंडन-पॅरिसच्या पेढ्यांकडून कर्जे उचलली. सावकाराची रीत सगळीकडे सारखीच. १८७३ च्या कर्जाचा कागद झाला ३ कोटी २० लाख पौंडांचा, खजिन्यात पडले सुमारे २ कोटी. व्याज मात्र कागदावरच्या रकमेवर! १८७५ साली सुएझ कालव्यातील शेअर ब्रिटिश सरकारला सुमारे ४० लाख पौंडांना विकावे लागले. पुढच्याच वर्षी दिवाळे वाजले. तेव्हा कर्ज ९ कोटी पौंडांवर गेले होते.

मग सावकार घरात शिरले. १८७६ साली धनकोंचे कमिशन कैरोत बसले. जमेवर इंग्रज आणि खर्चावर फ्रेंच नियंत्रक आला. रेल्वे आणि अलेक्झांड्रिया बंदर यांचे उत्पन्न कर्जापोटी बांधले गेले आणि त्यांच्या कारभारावर युरोपीय अधिकारी बसले. सुएझ कालवा होण्यापूर्वी हिंदुस्थान आणि इंग्लंडमधील टपाल ज्या रेल्वेने इजिप्त ओलांडत असे, तीच ही रेल्वे. १८८० च्या कायद्याने तर राज्याच्या उत्पन्नाचा सुमारे निम्मा भाग धनकोंसाठी राखून ठेवला.

काटकसर कोठे झाली? फेलाह म्हणजे तेथील शेतकरी. त्याच्याकडून पीक हाती येण्याआधीच कर वसूल होऊ लागला. सैन्याचे पगार महिनोन् महिने थकले. १८७९ साली सुमारे २,५०० अधिकाऱ्यांना अर्ध्या पगारावर बसवले गेले. बाहेरून आलेले साहेब मात्र भरघोस पगार घेत होते.

याच असंतोषातून अहमद उराबी पुढे आला. तो खेड्यातल्या शेतकरी घरातला, सैन्यात कर्नल झालेला. सप्टेंबर १८८१ मध्ये त्याने फौजेसह राजवाड्यासमोर उभे राहून प्रतिनिधीगृहाची मागणी केली. ते गृह भरले. प्रतिनिधींनी मागितले काय? कर्जाला बांधलेला निम्मा भाग त्यांनी सोडून दिला होता. उरलेल्या निम्म्या अंदाजपत्रकावर मत देण्याचा हक्क द्या, एवढेच त्यांचे म्हणणे. तेवढेही धनकोंना सोसले नाही.

११ जुलै १८८२ रोजी ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या. पंतप्रधान ग्लॅडस्टन उदारमतवादी म्हणून गाजलेले, पण इजिप्तच्या कर्जरोख्यांत त्यांची स्वतःची मोठी गुंतवणूक होती. त्यांच्याच मंत्रिमंडळातील जॉन ब्राइट यांनी या गोळीबाराच्या निषेधार्थ राजीनामा दिला, हेही आम्ही आदराने नमूद करतो. १३ सप्टेंबरला तेल-अल-कबीर येथे उराबीचा पराभव झाला.

या लढाईत हिंदी पलटणीही होत्या. लढाई संपताच त्यांनी त्याच दिवशी झगाझिगचे रेल्वे जंक्शन ताब्यात घेतले आणि कैरोचा रस्ता मोकळा झाला. या फौजेच्या खर्चाचा मोठा भार हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकण्यात आला. म्हणजे लंडनच्या रोखेधारकाचे व्याज वाचवण्यासाठी इजिप्तच्या शेतकऱ्यावर गोळी झाडायला इथल्या शेतकऱ्याचे पोर गेले, आणि खर्चही इथल्याच रयतेने भरला!

आम्ही कायमचे राहणार नाही, असे तेव्हा सांगितले गेले. शेवटचा ब्रिटिश सैनिक निघाला जून १९५६ मध्ये. धनकोंच्या कमिशनवर काम केलेला आणि नंतर हिंदुस्थानात अर्थखाते सांभाळलेला बेअरिंग, पुढचा लॉर्ड क्रोमर, १८८३ पासून १९०७ पर्यंत इजिप्तचा खरा मालक होऊन बसला. उराबीला सिलोनला हद्दपार केले. त्याच बेटाने, श्रीलंकेने, २०२२ साली परकीय कर्जाची फेड थांबवली. तेथे तोफा आल्या नाहीत. महागाई मात्र आली आणि ती कष्टकऱ्याच्याच चुलीपर्यंत पोहोचली.

कर्ज काढूच नये, असे आमचे म्हणणे नाही. रूळ आणि पूल पैशावाचून होत नाहीत. पण कागदावर किती आणि हातात किती, गहाण काय ठेवले आणि हप्ता चुकला तर कात्री कोणावर, हे तीन प्रश्न सही होण्यापूर्वी विचारले गेले पाहिजेत. इजिप्तच्या प्रतिनिधींनी ते विचारले, पण तोवर गहाणखत होऊन सहा वर्षे उलटली होती. आपण ते वेळेवर विचारावेत. शाखांच्या सभांत या विषयावर जरूर चर्चा घडवा.