सुधारून कमी केलेली आवृत्ती

मराठी पुस्तकाच्या आतल्या पानावर 'सुधारून वाढवलेली दुसरी आवृत्ती' असे शब्द दिसले की वाचक निर्धास्त होतो. पहिल्या आवृत्तीत जे होते ते इथे असणार, चुका दुरुस्त झालेल्या असणार आणि वर एखादे परिशिष्ट मिळणार, असा त्या शब्दांचा अर्थ आपण धरून चालतो. संगणकाच्या प्रणालींनाही आपण 'आवृत्ती' हाच शब्द लावला आणि त्याच्यासोबत हा विश्वासही नकळत तिकडे नेला. तिथे तो लागू नाही, हे मला गेल्या पावसाळ्यात कळले. प्रसंग घरगुती आहे. पण त्यातून उभा राहणारा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्यांना अपरिचित वाटू नये.

आमच्या घरी जुन्या छायाचित्रांची एक पत्र्याची पेटी होती. २००९ आणि २०१० अशा दोन पावसाळ्यांत मी त्यातली सुमारे अकराशे छायाचित्रे स्कॅन करून संगणकात घेतली. शेजारी आत्या बसायची. ती सांगायची आणि मी प्रत्येक छायाचित्राखाली टिपण टंकायचो, शक्यतो तिच्याच शब्दांत. 'धाकटा काका. टोपी उसनी आणलेली, म्हणून कपाळावर आलीय.' 'या चौघी कोण ते विचारू नकोस, एकीशी माझं पुढे बोलणं नव्हतं.' अशी ती टिपणे. क्रमही तिनेच लावला. आजोबांच्या अखेरच्या छायाचित्रानंतर तिने वाड्याच्या बंद दाराचे एक छायाचित्र ठेवायला लावले. ते दार आजोबा जाण्याच्या बरेच आधी टिपलेले होते. मी तसे म्हटले, तर ती म्हणाली, 'माहीत आहे मला. पण ते इथंच पाहिजे.' आत्या २०१४ साली गेली.

गेल्या वर्षी जुलैमधल्या एका रात्री संगणकाने ही छायाचित्रे सांभाळणारी प्रणाली आपणहून अद्ययावत करून घेतली. विचारले असेलही; एखाद्या चौकटीतल्या 'ठीक आहे' या शब्दावर मी न वाचता बोट ठेवले असेल. सकाळी उघडून पाहतो तो छायाचित्रे सगळी होती, पण संग्रह राहिला नव्हता. नव्या आवृत्तीला दिनांकाखेरीज दुसरा क्रम मान्य नव्हता. आणि स्कॅन केलेल्या छायाचित्राचा दिनांक म्हणजे स्कॅन केल्याचा दिनांक. त्यामुळे १९५८ सालचे लग्न, १९३० च्या आसपासची मुंज आणि माझ्या शाळेचे स्नेहसंमेलन असे सारे 'जुलै २००९' या एका मथळ्याखाली शेजारी शेजारी येऊन बसले. घटनाक्रम आणि कथानक यांतला फरक आपण प्रथम वर्षाच्या वर्गात शिकवतो. आत्याने कथानक रचले होते. नव्या आवृत्तीने त्याचा घटनाक्रम केला, आणि तोही चुकीचा. टिपणांसाठी तर तिथे जागाच ठेवलेली नव्हती.

नव्या आवृत्तीने काहीच दिले नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती चेहरे ओळखत होती. तिने आजी आणि विशीतली आत्या यांना एकच व्यक्ती ठरवून एका गठ्ठ्यात बांधले. त्या दोघींत एवढे साम्य आहे हे आम्हा घरच्यांच्या कधी लक्षात आले नव्हते. मी तो गठ्ठा बराच वेळ पाहत बसलो. यंत्राला काहीतरी खरे दिसले होते. मात्र साम्य दिसणे वेगळे आणि ओळख पटणे वेगळे. ती ओळख खालच्या टिपणात होती, आणि टिपणच दिसेनासे झाले होते.

मी परत फिरायचे ठरवले. नवी आवृत्ती काढून टाकली आणि जुन्या सीडीवरून जुनी बसवली. तिने संग्रह उघडायला नकार दिला. संग्रह आता नव्या आवृत्तीच्या घडणीचा झाला होता. तो जुनीला वाचता येत नव्हता. म्हणजे पुढे जायचा रस्ता एकेरी होता आणि वळणावर तशी पाटी लावलेली नव्हती. सुदैवाने एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर आठ महिन्यांपूर्वीची प्रत सापडली. त्या आठ महिन्यांत थोरल्या चुलतबहिणीकडून मिळवलेली पन्नासएक टिपणे गेली, बाकी सारे परत आले. बंद दार पुन्हा आजोबांच्या नंतर आले.

ही तक्रार माझ्या एकट्याची असती तर ती लिहिण्याचे कारण नव्हते. छायाचित्रांच्या प्रणालींचा गेल्या दोन दशकांतला इतिहास अशा परतीच्या प्रवासांनी भरलेला आहे. ॲपलने २००२ साली आणलेली 'आयफोटो' ही प्रणाली २०१५ च्या एप्रिलमध्ये 'फोटोज' या नव्या प्रणालीसाठी बाजूला सारली. वापरणाऱ्यांनी छायाचित्रांना एक ते पाच तारे देऊन केलेली प्रतवारी नव्या ठिकाणी प्रतवारी म्हणून उरली नाही. तिचे नुसते शोधशब्द झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲडोबीने 'लाइटरूम'मधला छायाचित्रे आत घेण्याचा पडदा बदलला. नवख्यांना सोपे जावे म्हणून काही सोयी काढून टाकल्या. व्यावसायिक छायाचित्रकार एवढे संतापले की कंपनीने जाहीर माफी मागितली आणि नोव्हेंबरमध्ये जुना पडदा परत आणला. वापरणाऱ्यांच्या सांगण्यावरून एवढी मोठी कंपनी मागे आली, असे प्रसंग विरळा. बहुतेक वेळा परत जायचे असेल तर ज्याचे त्यालाच जावे लागते. गूगलने २००४ साली विकत घेतलेली 'पिकासा' आपल्याकडेही घरोघरी वापरात होती. तिचे काम गूगलने २०१६ साली थांबवले. तरी ज्यांच्या संगणकावर ती बसवलेली होती त्यांच्याकडे ती चालत राहिली, आणि अनेकांनी ती चालू ठेवली.

असे परत जाणाऱ्यांना आपण सहज 'जुन्याला चिकटलेले' म्हणतो. हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. परत जाणारा माणूस नव्याला घाबरलेला असतोच असे नाही. त्याने जुन्या आवृत्तीत स्वतःचे काही लिहून ठेवलेले असते आणि नव्या आवृत्तीने ते पुसलेले असते. टीप, क्रम, तारे, नावे हे सारे वाचकाने समासात केलेले लेखन आहे. ग्रंथालयाने एखाद्या ग्रंथाची नवी प्रत घेतली म्हणून आपल्या घरातली खुणा केलेली प्रत कोणी उचलून नेत नाही. संगणकावर नेमके तेच घडते, आणि त्याला सुधारणा असे नाव मिळते.

आपल्या परंपरेत सुधारणा कमी झालेल्या नाहीत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. आजच्या भाषेत ती नवी आवृत्तीच होती. पण त्यांनी आपण हे काम केले असे सांगितले, त्याचे साल नोंदवले आणि यापुढे कोणी यात स्वतःच्या ओव्या घालू नयेत असेही बजावले. सव्वातीनशे वर्षांनी, १९०९ साली, वि. का. राजवाड्यांनी वेगळ्या जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. अभ्यासक आज दोन्ही पाठ शेजारी ठेवून वाचू शकतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्यासाठी १२५९ हस्तलिखिते अभ्यासली गेली. संपादकांनी स्वीकारलेला पाठ वर छापला आणि नाकारलेले पाठभेद खाली तळटीपांत दिले. संपादकाचा निर्णय ज्याला पटणार नाही त्याला त्याच पानावर दुसरा पाठ उचलता येतो. संपादनाची नीती ती हीच: जे आपण बदलले ते सांगायचे, आणि जे नाकारले ते वाचकाच्या हाताला लागेल अशा जागी ठेवायचे. छायाचित्रांची प्रणाली लिहिणाऱ्यांकडे याहून अधिक मागणे माझे नाही. नवा पाठ जरूर द्या, पण खाली तळटीप राहू द्या.

जुन्याच्या बाजूने बोलताना त्याच्या मर्यादाही मांडायला हव्यात. जुनी आवृत्ती बसवल्यावर संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याला मी ती कौतुकाने दाखवली. तो म्हणाला, 'सर, हे किती दिवस टिकणार?' त्याचे म्हणणे रास्त होते. ज्या प्रणालीची डागडुजी थांबली आहे तिच्यातली भोके कोणी बुजवत नाही. इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर ती ठेवणे हा धोका आहे. नव्या फोनमधली छायाचित्रे ज्या स्वरूपात साठतात ते स्वरूप ती ओळखत नाही. आणि एक दिवस खालची संगणक-व्यवस्था बदलली की ती उघडेनाशी होते. २०१९ मध्ये ॲपलची 'कॅटालिना' आली आणि आयफोटोचे तसेच झाले. परत जाणे म्हणजे मुदत वाढवून घेणे. ती मुदत कशासाठी वापरायची हे ज्याने त्याने ठरवायचे.

पुढे तर ही मुदतही मिळेल की नाही, याची शंका आहे. ॲडोबीने २०१३ साली आपल्या बहुतेक नव्या प्रणाली विकण्याऐवजी भाड्याने द्यायचे जाहीर केले. एकदाच पैसे देऊन कायमची घेता येणारी लाइटरूमची शेवटची आवृत्ती २०१५ ची. आणि २०१९ च्या मे महिन्यात कंपनीने ग्राहकांना कळवले, की काही जुन्या आवृत्त्या वापरण्याचा परवाना त्यांना आता राहिलेला नाही. पुस्तकाच्या बाबतीत अशी कल्पना करून पाहा: तिसरी आवृत्ती निघाली, सबब तुमच्या कपाटातली पहिली आवृत्ती उघडणे हा करारभंग आहे. पाठचिकित्सा नावाची विद्याशाखाच मग उरणार नाही, कारण तुलना करायला दुसरी प्रतच असणार नाही.

मिळालेल्या मुदतीत मी काय केले ते सांगतो, कारण ते इतरांच्या उपयोगी पडेल. टिपण दोन ठिकाणी राहू शकते. एक, प्रणालीच्या स्वतःच्या वहीत; छायाचित्र एकीकडे आणि त्याविषयीचा मजकूर दुसरीकडे. दोन, खुद्द छायाचित्राच्या फाइलमध्ये. वृत्तसंस्थांच्या जगातून आलेली 'आयपीटीसी' नावाची एक सर्वमान्य पद्धत आहे. तिच्यात मथळा, नाव, स्थळ हे सारे फाइलच्या आतच लिहिता येते आणि निरनिराळ्या प्रणालींना ते वाचता येते. छायाचित्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहावे तसे हे आहे. पिकासा जेपेग छायाचित्रांचे मथळे असेच फाइलच्या आत लिहीत असे. म्हणून ती बंद पडल्यावरही ते मथळे वाचले. माझ्या प्रणालीने मात्र आत्याचे शब्द स्वतःच्या वहीत ठेवले होते आणि नव्या आवृत्तीने ती वही बदलली. जुनी आवृत्ती परत मिळाल्यावर सहा आठवडे रोज संध्याकाळी बसून मी अकराशे टिपणे एकेक करून फाइलींच्या आत उतरवली. फाइलींच्या नावांपुढे क्रमांक घालून आत्याचा क्रम त्यांत गुंफला. सगळ्यांची एक साधी यादीही वेगळी करून छापून घेतली.

हे घरचे झाले. आपल्या महाविद्यालयांतून आणि ग्रंथालयांतून आता लेखकांची पत्रे, छायाचित्रे आणि हस्तलिखिते स्कॅन करण्याचे प्रकल्प चालू असतात. प्रकल्पाच्या अहवालात किती पाने स्कॅन केली याचा आकडा असतो. त्या पानांविषयीची माहिती कुठे लिहिली आहे, ती कोणती प्रणाली वाचू शकते, आणि ती प्रणाली उद्या बदलली तर काय, हे क्वचितच विचारले जाते. संगणकाचा माणूस ते पाहील, असे आपण मानतो. पण कोणता पाठ टिकवायचा आणि कोणत्या क्रमाने टिकवायचा, हा प्रश्न संगणकाच्या माणसाचा नाही. तो आपला आहे, आणि त्याची उत्तरे देण्याचे प्रशिक्षण आपल्यालाच मिळालेले आहे. निदान पुढच्या प्रकल्पाचा अर्ज भरताना त्यात हा एक रकाना असावा, असा आग्रह आपण धरू शकतो.

ती पन्नासएक गेलेली टिपणे घ्यायला मी दिवाळीत चुलतबहिणीकडे पुन्हा गेलो. तिला बरीचशी आठवली, काही वेगळी आठवली. दोन्ही पाठ नोंदवले असते. पण पहिला माझ्यापाशी उरलेला नाही.